जहाजाच्या मालकाचे ऐकले!

दिवाळी अंकात कडू बोलू नये असा एक संकेत आहे. चकलीच्या ताटात कारल्याची फोड कुणी वाढत नाही. संपादकांनीही पत्रात हळूच सुचवले होते, की काही हलकेफुलके, घरादाराने मिळून वाचावे असे द्या. मी संकेत पाळणारच होतो. परंतु लिहायला बसलो तेव्हा घरात करंज्यांचा घाट चालला होता, आणि बायकोने वाण्याकडून आणलेली पाच किलो साखरेची पिशवी माझ्या टेबलाशीच टेकवून ठेवली होती. त्या पिशवीने माझा घात केला. (आम्ही ख्रिस्ती. पण आमच्या डोंगरकड्यात दिवाळीचे ताट शेजाऱ्यांकडून आमच्याकडे येते आणि नाताळचे आमच्याकडून शेजाऱ्यांकडे जाते. फराळाला धर्म नसतो, फक्त शेजार असतो.)

मास्तरकीचा धंदा वाईट. वस्तू समोर दिसली की गणित सुचते. केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगाने हिशेब मांडला आहे, की महाराष्ट्रात एक किलो साखर तयार व्हायला सुमारे २,००० लिटर पाणी लागते. मग पाच किलोला किती? चौथीतले पोरही सांगेल, १०,००० लिटर. उन्हाळ्यात गावोगाव पाण्याचा जो टँकर फिरतो तो साधारण दहा-बारा हजार लिटरांचा असतो. म्हणजे माझ्या एका घराच्या करंज्यांत, शंकरपाळ्यांत आणि लाडवांत मिळून एक टँकर पाणी मुरले! ज्या टँकरपुढे वैशाखात बायका घागरी आपटून भांडतात, तोच टँकर आश्विनात आपण पाहुण्यांपुढे बशीत घालून ठेवतो.

घाबरू नका, वाचकहो. फराळ सोडा असे मी सांगत नाही. मी स्वतः सोडलेला नाही. माझे भांडण साखरेशी नाही, एका म्हणीशी आहे. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही ती म्हण. आपल्याकडे ती शहाणपणाची कमाल समजली जाते. सल्ला द्यायला आलेल्या माणसाला चहा पाजावा, मान डोलवावी, आणि तो वेशीबाहेर गेला की आपल्या मनात होते तेच करावे! या म्हणीच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, की सल्ला ऐकणे न ऐकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न; चुकला तर त्याचा तो भोगील. ही समजूत साफ खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. सल्ला नाकारणारा एक असतो, आणि किंमत मोजणारा बहुधा दुसराच असतो.

*

हे मला प्रथम कळले ते बायबलातल्या एका जहाजाच्या गोष्टीवरून. लहानपणी प्रार्थनासभेत ती कितीदा ऐकली असेल. तिचा अर्थ मात्र चाळिशी उलटल्यावर लागला.

पौल नावाच्या प्रेषिताला कैद करून रोमला नेत होते. जहाज गव्हाचे, इजिप्तमधल्या आलेक्झांद्रियाचे. क्रेत बेटाच्या एका बंदरात ते थांबले होते. वर्षाचा धोक्याचा काळ सुरू झाला होता. पौलाने सांगितले, की आता पुढे जाऊ नका. माल जाईल, जहाज जाईल, माणसांच्या जिवावर बेतेल. पौल खलाशी नव्हता, पण त्याने समुद्र पुष्कळ पाहिला होता आणि पूर्वी जहाजे फुटतानाही अनुभवली होती. आता निर्णय रोमी शताधिपतीच्या हाती होता. त्याच्यापुढे एका बाजूला तांडेल आणि जहाजाचा मालक उभे, दुसऱ्या बाजूला बेड्यांतला कैदी. त्याने कुणाचे ऐकले असेल? मालकाचे! बहुमतही मालकाकडेच होते. हे बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, पुढचे चांगले आहे, एवढाच काय तो मुद्दा. गैरसोय टाळायची होती.

पुढे काय झाले ते फार मार्मिक आहे. लगेच वादळ आले नाही. आधी दक्षिणेचा मंद, सुखद वारा सुटला, आणि सगळ्यांना वाटले, बघा, आपले म्हणणे खरे ठरले! कैद्याची चेष्टाही झाली असेल. त्या सुखद वाऱ्यावर त्यांनी नांगर उचलला. थोड्याच वेळात ईशान्येकडून तुफान उठले. मग कित्येक दिवस सूर्य दिसला नाही की तारे दिसले नाहीत. माल फेकला, दोरखंड फेकले, शेवटी गहूही समुद्रात ओतला. जहाजावर २७६ माणसे होती. निर्णय घेतला चौघा-पाचांनी. बाकीच्यांना कुणी विचारले होते?

आणखी दोन गोष्टी या कथेत आहेत, त्या ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहेत. जहाज फुटणार असे दिसताच खलाशी लहान होडी उतरवून गुपचूप पळण्याच्या बेतात होते. आणि जहाज खडकावर आदळले तेव्हा शिपायांच्या मनात पहिला विचार कोणता आला? कैद्यांना मारून टाकावे, म्हणजे ते पोहून पळणार नाहीत! ज्याचा सल्ला ऐकला असता तर हे घडलेच नसते, त्याच्याच मानेवर प्रथम तलवार आली. सल्ला नाकारल्याची किंमत वरून खाली अशी वाहत जाते, पाण्यासारखी. आणि सर्वांत खाली जो उभा असतो त्याच्या नाकातोंडात जाते.

*

आता आपल्या जहाजाकडे या. मराठवाड्याला शहाण्या सल्ल्यांचा कधीही तुटवडा पडलेला नाही. तुटवडा पडतो तो पाण्याचा.

पावसाचे पाणी डोंगरउतारावर आणि शेताशेतांतून ताली-बंधारे घालून जिरवा, ते जमिनीत मुरू द्या, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सांगून ठेवले आहे. बंधाऱ्यांच्या कामाला सरकारने आपले रिकामे शिपाई जुंपावेत इतका तपशीलही त्यांनी दिला होता. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या त्या माणसाने राज्यकर्त्यांना सुनावताना भीडभाड ठेवली नाही. पुढे १९७९ च्या सुमारास वि. म. दांडेकर आणि दत्ता देशमुख यांच्यासारखी माणसे समितीत बसली आणि त्यांनी आठमाही पाण्याचा आग्रह धरला. धरणाचे पाणी बारमाही उसाला न देता आठ महिने, अधिक शेतकऱ्यांना, अधिक शेतांवर पुरवा, एवढेच ते म्हणणे. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा जल व सिंचन आयोग बसला. चितळे म्हणजे पाण्याच्या कामाबद्दल १९९३ साली स्टॉकहोमचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालेले अभियंता. त्या आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे त्यात स्पष्ट होते. योगायोग असा, की परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा जन्माला आला तोही १९९९ सालीच. आमच्या जिल्ह्याच्या बारशालाच हा सल्ला पाळण्याशी ठेवलेला होता, म्हणा ना!

सल्ल्याचे काय झाले? जुन्या करारात यहोयाकीम नावाच्या राजाची गोष्ट आहे. यिर्मया संदेष्ट्याने राष्ट्रावर येणाऱ्या संकटाची सूचना गुंडाळीवर लिहवून पाठवली. राजा हिवाळ्यात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा तो चाकूने कापी आणि शेगडीत टाकी. अशी सगळी गुंडाळी जळाली. आपले राज्यकर्ते सुसंस्कृत आहेत. ते अहवाल जाळत नाहीत. ते अहवालाचे स्वागत करतात, हार घालतात आणि कपाटात ठेवतात. खरे पाहता यहोयाकीमच बरा म्हणायचा. त्याने निदान ऐकून तरी घेतले होते.

हा अहवाल कपाटात आणि ऊस शिवारात, अशी वर्षे गेली. कृषिमूल्य आयोगाच्याच हिशेबाने राज्याच्या लागवडीच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्के जमिनीवर ऊस असतो, आणि ओलिताच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तो पितो. एका पंगतीत शंभर माणसे बसली, त्यांतल्या चौघांनी सत्तर पोळ्या खाल्ल्या, आणि उरलेल्या शहाण्णवांना सांगितले, की पाऊस कमी झाला हो!

अधूनमधून चांगला पावसाळा येई. तोच तो दक्षिणेचा सुखद वारा! धरण भरले की सल्ला देणारे वेडे ठरत. आणि मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी करू नये म्हणून मार्च महिन्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. दंगलीसाठी असलेला कायदा घागरींवर लावला गेला! आणि १२ एप्रिलला मिरजेहून आगगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. कृष्णेचे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून मांजरेच्या गावाला आले. लोकांनी गाडीला हार घातले. मला मात्र गणित सुचले. पाच लाख लिटर म्हणजे अडीचशे किलो साखरेचे पाणी, पाच पोत्यांचे. त्याच हंगामात मराठवाड्यातले कारखाने ऊस गाळत होते, आणि पोती मालगाडीत नव्हे, डोंगरासारखी गुदामात रचली जात होती.

त्या उन्हाळ्यात घागर घेऊन कोण उभे होते? ज्यांनी अहवाल कपाटात ठेवला ते नव्हते. ते केव्हाच लहान होडी उतरवून मुंबई-पुण्याच्या किनाऱ्याला लागले होते. उभ्या होत्या त्या ज्यांच्या नावावर उसाचे एक टिपरूही नव्हते अशा बाया. जहाजाच्या तळाशी बसलेल्या कैद्यांना प्रथम बुडवायचे, हा नियम दोन हजार वर्षांत बदललेला नाही.

*

इथवर लेख सोपा होता. राज्यकर्त्यांना शिव्या घालणे हा आम्हा लेखकांचा दिवाळीचा फराळच. आता अवघड भाग येतो.

आमचे डोंगरकडा नांदेड-हिंगोली रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात आहे. काळी जमीन. आमच्या भागाला इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी. शिवारात केळीच्या बागा, ऊस, आणि गावच्या हद्दीत साखर कारखाना. गाळपाच्या दिवसांत मळीचा वास शाळेच्या वर्गापर्यंत येतो, आणि पोरे बैलगाड्या-ट्रॅक्टर मोजत बसतात. लातूरला आगगाडीने पाणी गेले तेव्हा आम्ही पारावर बसून हसलो. आमच्याकडे कालवा होता ना! पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. आम्ही मागचे, पण शहाणे झालो नाही. कारण धरण भरत नाही त्या वर्षी कालव्याच्या पाळ्या आटतात, आणि पाळ्या आटल्या की माणूस जमिनीच्या पोटात सळई खुपसतो.

मीही खुपसली. त्याच २०१६ च्या वैशाखात. दीड एकर केळी उभी होती आणि विहिरीने तळ दाखवला होता. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तेव्हा साठीच्या घरात होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी ऐन पोरवयात खडी फोडलेली, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाल्लेली. त्यांनी मला ओसरीवर बसवून सांगितले, “लेकरा, बोर पाडू नको. केळी जाऊ दे. विहीर आपली आहे, पाणी आपलं नाही.”

मी मास्तर, त्यांच्यापेक्षा चार बुके जास्त वाचलेला. मी म्हणालो, “दादा, सगळे पाडतात. आपण एकट्याने नाही पाडला म्हणून काय पाऊस पडणार आहे?” शेतीसाठी २०० फुटांच्या खाली बोर घेऊ नये असा भूजलाचा कायदा २०१४ पासून राज्यात लागू झाला होता, हेही मला ठाऊक होते. गाडीवाल्यालाही ठाऊक होते. ३८० फुटांवर अडीच इंच पाणी लागले. गुलाल उधळला, नारळ फोडला, पेढे वाटले. सुखद वारा सुटला होता.

आमच्या बांधापलीकडे एका एकट्या म्हाताऱ्या बाईचे घर होते. सगळे गाव तिला मावशी म्हणे. घराच्या परसात चाळीस फुटांचा जुना आड, त्यावर तिच्या दोन शेळ्या, चार वांग्याची झाडे आणि ती स्वतः. आमच्या भागात खाली काळा बसाल्ट दगड. त्या दगडाला पोट नसते. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि फुटीर थरांत. एकीकडून उपसले की दुसरीकडून ओढले जाते. आमचा पंप सुरू झाल्यावर तेराव्या दिवशी मावशीचा पोहरा कोरडा वर आला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी मुलांना शिकवतो. आडात का नाही, हे मात्र त्या दिवशी शिकलो.

मावशी भांडायला आली नाही. आली असती तर बरे झाले असते. दादांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ते उठत, आमच्या हौदातून दोन कळशा भरीत, आणि मावशीच्या दारात नेऊन ठेवीत. साठीचा माणूस, गुडघे धरलेले. मी म्हणालो, मी नेतो. ते म्हणाले, “तू केळीला पाणी दे.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वाक्य आजवर माझ्या अंगात काट्यासारखे मोडून बसले आहे.

तिसऱ्या वर्षी आमच्या बोरातून धूळ निघाली. त्याआधीच मावशी शेळ्या विकून लेकीच्या गावी गेली होती. ती परत आली नाही. आज तिचा आड काट्यांनी झाकलेला आहे. मी सल्ला नाकारला, केळीचे दोन हंगाम साधले. आणि किंमत मोजली एका म्हातारीने, जिने कधी केळीचे रोप लावले नव्हते.

*

आता माझ्यावर आक्षेप येतील. यायलाच हवेत.

पहिला आक्षेप आमच्या पारावरचाच आहे. “मास्तर, ऊस लावू नको तर काय लावू? सोयाबीनचा भाव पडतो, कापसाला बोंडअळी खाते, तुरीला गिऱ्हाईक नाही. उसाला कायद्याने ठरवलेला दर आहे आणि दारात कारखाना आहे.” हा आक्षेप खरा आहे, आणि जो शहाणा सल्ला या आक्षेपाला उत्तर देत नाही तो सल्ला नव्हे, प्रवचन आहे. योसेफाची गोष्ट घ्या. इजिप्तच्या फारो राजाला त्याने स्वप्नाचा अर्थ सांगितला, सात वर्षे सुकाळ आणि सात वर्षे दुष्काळ. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा घ्या, नगरानगरांत कोठारे बांधा, माणसे नेमा, अशी व्यवस्था त्याने सांगितली. शेतकऱ्याने ऊस सोडावा असे ज्यांना वाटते त्यांनी ज्वारी, करडई, तूर यांच्या भावाचे कोठार आधी बांधले पाहिजे. सल्ल्याचा खर्च ज्याला सल्ला दिला त्याच्या एकट्याच्या खिशातून काढणे हाही एक दरोडाच. आणि त्याच गोष्टीचा उत्तरार्ध आम्ही ख्रिस्ती सहसा वाचून दाखवत नाही : दुष्काळात त्याच कोठारातल्या धान्यासाठी लोकांनी आधी गुरे आणि मग जमिनी फारोला विकल्या. कोठाराची किल्ली एकाच कमरेला लटकली की कोठारही फास होते. सहकाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राला हे मी अधिक फोडून सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा, की हे तुमच्या बायबलातले आम्हाला कशाला? तर मग आमच्याच जिल्ह्यातले सांगतो. नर्सी हे नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि औंढा नागनाथ तिथून दूर नाही. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली. नामदेव रागावले, रुसले, पंढरीला विठोबाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. पण शेवटी काय केले? औंढ्याला आले आणि विसोबा खेचरांपुढे बसले. ज्याच्याशी साक्षात देव बोलतो अशी ज्याची ख्याती, तो माणूस सल्ला ऐकून पंढरपूरहून चालत औंढ्याला येतो! आणि आपल्याला कपाटापर्यंत चालवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत लबाड आहे. तो म्हणतो, “हे व्हायचेच नाही.” अहो, झालेले आहे! वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात तिने राज्यभर माणसे जगवली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली सगळ्या देशाने. एका माणसाचा सल्ला ऐकला, आणि आमच्या दादांसारख्या लाखोंच्या हाताला काम मिळाले. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत काढली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या मापाने, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हिवरेबाजारला पाऊस आमच्या मानाने निम्माच. पण त्या गावाने ऊस नको, केळी नको, शेतीला बोर नको असे ठरवले, आणि दरसाल ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडला. ज्या दोन पिकांना त्यांनी वेशीबाहेर ठेवले, तीच दोन पिके आमच्या डोंगरकड्याची मिरवायची पिके!

आणि एक नाव मी आवर्जून घेणार. हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवली. पाणलोटाचे काम त्यांनी गावोगाव रुजवले आणि त्यासाठी १९९३ साली एक संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्या कामातले एक नावाजलेले गाव. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी पाळायची आणि डोंगरावर चराईबंदी करायची, अशा त्या अटी. विचार करा, ज्याच्याकडे शेळ्यांवाचून काही नाही त्याला हा गोरा पाद्री सांगतो, डोंगरावर शेळी सोडू नको! शहाणा सल्ला असाच असतो. तो आधी मागतो आणि मग देतो. मूर्ख सल्ला आधी देतो, अडीच इंच देतो, गुलाल उधळायला लावतो. आणि मग सगळे घेऊन जातो. दोन्हींत फरक करायची खूण मला एवढीच ठाऊक आहे.

*

आमच्या ख्रिस्ती मंडळींनाही दोन शब्द सुनावल्याशिवाय हा लेख संपवणे अप्रामाणिक होईल. पाऊस लांबला की आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो. करावीच. पण पडलेल्या पावसाचे काय केले याची कबुली आम्ही कोणत्या प्रार्थनेत देतो? चोरी, व्यभिचार, दारू यांवर आमची प्रवचने होतात. शेजाऱ्याच्या आडातले पाणी ३८० फुटांवरून ओढणे ही चोरी आहे, असे मी एकाही प्रवचनात ऐकलेले नाही. आम्ही देवाला सल्ला देतो, की बाबा, पाऊस पाड. देवाने माणसांच्या तोंडून दिलेला सल्ला मात्र कपाटात! पश्चात्ताप या शब्दाचा आम्ही फक्त रडणे असा अर्थ करून घेतला आहे. मूळ अर्थ आहे वळणे, चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणे. रडून आड भरत नाही.

त्या जहाजाची गोष्ट मी अर्धीच सांगितली. चौदाव्या रात्रीनंतर, पहाट होत असताना, पौल उठला. माझे ऐकले असते तर, हे तो एकदा बोलून चुकला होता, तोही माणूसच. पण त्या पहाटे त्याने तो हिशेब काढला नाही. चौदा दिवस उपाशी असलेल्या लोकांना तो म्हणाला, काही खाऊन घ्या, तुमच्यातला कुणी बुडणार नाही. त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि सर्वांदेखत खाऊ लागला. मग सगळ्यांना धीर आला. जहाज गेले, माल गेला. पण कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, कुणी मोडक्या तुकड्यांवर, अशी २७६ च्या २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्याला लागली. आणि ज्या शताधिपतीने आधी ऐकले नव्हते, त्यानेच शेवटी शिपायांची तलवार अडवली. त्याने दुसऱ्यांदा ऐकले. ख्रिस्ती माणसाची सगळी आशा या ‘दुसऱ्यांदा’मध्ये आहे.

दादा आता नाहीत. त्यांच्या कळशा घरात आहेत. यंदा आमच्या ग्रामसभेपुढे मी तीन गोष्टी मांडणार आहे : नवा बोर कुणी पाडायचा नाही, दर दिवाळीनंतर गावाच्या पाण्याचा जमाखर्च चावडीवर लिहायचा, आणि ज्याला ऊस-केळी लावायची आहे त्याने आधी ठिबक बसवून, आपल्या बांधाशेजारच्या आडाची पातळी मोजून दाखवायची. लोक हसतील. चहा पाजतील, मान डोलवतील. मी पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. माझा सल्ला फार शहाणा आहे म्हणून नव्हे. माझ्या बांधापलीकडे काट्यांनी झाकलेला एक आड आहे, आणि त्याच्यावरचे काटे मला माझ्या हातांनी काढायचे आहेत म्हणून.

करंजी घ्या, वाचकहो. गोड मानून घ्या. आणि घरात कुणी वडीलधारे ओसरीवर बसून काही सांगत असेल, तर यंदा त्यांचे एकदा पुरते ऐका. ऐकावे जनाचे, आणि करताना आपल्या मनाला एवढे विचारावे, की हे चुकले तर कळशा कोण वाहणार?